धर्म, जागतिकीकरण आणि विकास: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातले विद्यार्थी, शिक्षक, यात्रा कमिटीची मंडळी आणि पुण्या-गोव्याला नोकरीला गेलेली पोरं या विषयावर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या, काहींना पान लागलं.

धर्माचा आणि आर्थिक विकासाचा खरंच संबंध असतो का?

असतो. पण ‘अमक्या धर्माचे लोक पैसेवाले, तमक्यांचे मागास’ असा हिशेब मांडला तर हाती काही लागत नाही. एकाच देवाला नवस बोलणारी दोन गावं घ्या. एकाची ऊस-बागायत, दुसऱ्यातली निम्मी घरं कामासाठी बाहेर. देव तोच, पंचांगही तेच.

त्यापेक्षा बघावं ते हे की, धर्माच्या नावावर इथे उभं काय राहिलं: शाळा, बोर्डिंग, सोसायटी, अन्नछत्र. आणि त्यात आत कोणाला घेतलं, उंबऱ्याबाहेर कोणाला ठेवलं. १९९१ नंतर बाजार खुला झाला तेव्हा ज्यांच्याकडे ही शिदोरी आधीच होती ते पुढे सरकले. खालची बहुतेक उत्तरं याच धाग्याने जातात.

मॅक्स वेबरचं नाव सगळे घेतात. तो नेमकं काय म्हणाला आणि आपल्याला ते लागू पडतं का?

जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलं की, युरोपात भांडवलशाही रुजायला प्रॉटेस्टंट, त्यातही ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांची वृत्ती कारणीभूत ठरली: काम हेच देवाचं बोलावणं मानायचं, चैन टाळायची, उरलेला पैसा पुन्हा धंद्यात घालायचा. हिंदू धर्माबद्दल त्याचं मत असं की, जात आणि कर्मसिद्धांत यांमुळे इथे आपणहून तसं काही उगवलं नसतं.

आपल्या भागात बसून हे वाचलं की दोन ठिकाणी अडखळायला होतं. पहिलं म्हणजे बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या शरण चळवळीने ‘कायकवे कैलास’ म्हटलं होतं. अंगमेहनतीचं काम हाच कैलास. कॅल्व्हिनच्या चारशे वर्षं आधी. दुसरं जैनांचं. वेबरचं म्हणणं, अहिंसेमुळे जैनांना शेती वर्ज्य, म्हणून ते व्यापारात गेले. त्याला चिकोडी-निपाणी-कागवाड पट्टा दाखवायला हवा होता. इथला दिगंबर जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहे. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो आणि ऊस, तंबाखूही पिकवतो.

वेबरच्या सिद्धांतावर अलीकडचा महत्त्वाचा आक्षेप साशा बेकर आणि लुडगर वोसमान या अर्थतज्ज्ञांचा. एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाची जिल्हावार आकडेवारी तपासून २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की, प्रॉटेस्टंट जिल्हे पुढे होते ते मुख्यतः साक्षरतेमुळे. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं असा प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथरचा आग्रह, म्हणून शाळा निघाल्या. त्या अक्षरओळखीचा उपयोग पुढे बाजारात झाला. आपल्याकडचं उदाहरण हवं तर २०११ ची जनगणना बघा. देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के, बौद्धांची ८१ टक्क्यांच्या वर. त्यातले बहुसंख्य १९५६ नंतर धम्म स्वीकारलेल्या, शाळेच्या पायरीवरही उभं राहू न दिलेल्या घरांतले. त्या आकड्यामागे बाबासाहेबांचा शिक्षणाचा आग्रह आहे, आरक्षण आहे, आईबापांनी पोटाला चिमटा काढून भरलेली फी आहे. १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला बाबासाहेब आले होते, हे तिथल्या जुन्या वस्त्यांत अजून अभिमानाने सांगतात.

मग लिंगायत आणि जैन समाज इथे पुढे गेले ते धर्मामुळे की संस्थांमुळे?

धर्माने माणसं एकत्र आणली, पण काम केलं ते संस्थांनी.

केएलई, म्हणजे कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी घ्या. १९१६ मध्ये सात तरुण लिंगायत शिक्षकांनी बेळगावात एक शाळा काढली. या सातांना तिकडे ‘सप्तर्षी’ म्हणतात. शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली इस्टेट समाजाच्या शिक्षणासाठी ठेवली होती. १९३३ चं लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाचं. पुढे मेडिकल, इंजिनिअरिंग, हजारो खाटांचं हॉस्पिटल झालं. आज मलेशियाच्या सायन्स विद्यापीठाशी करार होऊन तिथले विद्यार्थी बेळगावात डॉक्टरकी शिकतात आणि संध्याकाळी आपल्या गाड्यावरची पाणीपुरी खातात. जातीतल्या मुलांसाठी काढलेल्या शाळेचा विस्तार इथपर्यंत गेला.

जैनांचंही तसंच. दक्षिण भारत जैन सभा १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्रावर स्थापन झाली. लोक यात्रेला जमतात, तिथेच बैठक घ्यायची, ही साधी युक्ती. सभेचा भर देवळं बांधण्यापेक्षा बोर्डिंगांवर राहिला. तिच्या उभारणीत पुढे असलेले अण्णासाहेब लठ्ठे १९३७ च्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

आणि या सगळ्यांना वाट दाखवणारं कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाला जागा, पैसा देऊन वसतिगृहं काढायला लावली: मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, पुढे अस्पृश्य मानलेल्यांसाठीही. जातवार वसतिगृहं काढल्याबद्दल आजही कोणी नाक मुरडतं. पण खेड्यातल्या पोराला शहरात भाड्याने खोली द्यायला कोणी तयार नव्हतं, जातवाल्याकडे तरी जागा कुठे होती? नादारीत शिकायचं म्हणजे जेवणाची सोय हीच खरी अडचण, आणि ती बोर्डिंगने सोडवली.

मराठी समाजाला असं काही जमलं नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. बँका काढल्या, मराठा मंडळासारखी शिक्षणसंस्था काढली, वाचनालयं चालवली. शहरातल्या एका सहकारी बँकेला तर तुकारामांचं नाव आहे. ज्या माणसाने कर्जखतं इंद्रायणीत बुडवली त्याच्या नावाने कर्जवाटप! तुकोबांना गंमत वाटली असती.

पण तुलना केली तर जोर कमी पडला हे कबूल करावं लागेल. माझ्या मते याची दोन कारणं. लिंगायतांना मठ होते. मठाकडे जमीन, धान्य आणि हिशेब ठेवणारा माणूस असतो. वारकऱ्याकडे दिंडी आहे, ती आषाढीला निघते आणि परत आल्यावर विसर्जित होते. दुसरं, १९५६ नंतर मराठी माणसाची चांगली डोकी आणि चांगला वेळ सीमालढ्यात गेला. तो लढा चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण एका पिढीची संघटनशक्ती एवढी एकाच कामाला लागली की बाकी कामं मागे राहतात.

गावची लक्ष्मी यात्रा म्हणजे निव्वळ उधळपट्टी नाही का?

या प्रश्नावर गावात भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

बेळगाव-खानापूर भागात गावाची महालक्ष्मी यात्रा दरवर्षी नसते. कुठे पाच-सात वर्षांनी, कुठे बारा, कुठे वीस-पंचवीस वर्षांनी. यात्रेआधी कित्येक आठवडे वार पाळणूक असते: ठरल्या वारी शेतात औत धरायचं नाही, कोणी धरलं तर पंच दंड घेतात. घरटी पट्टी बसते. मग घराला रंग, नवीन फरशी, दारात मंडप. माहेरवाशिणींना साड्या, पाव्हण्यांना मटण. गल्लीगल्लीतून देवी फिरते, ओट्या भरतात, भंडारा उधळतो, आणि शेवटी देवी शिवेवर जाते.

खर्च किती? गल्लीतल्या मध्यम घराला विचारा, आकडा लाखात सांगतील. तो येतो कुठून, तर सोसायटीचं कर्ज, गहाण सोनं, भिशी. ज्याच्या घरी मुलगा कंपनीत कायम आहे त्याचं भागतं. रोजंदारीवाल्याचं हप्ते फेडण्यात पुढचं वर्ष जातं, कारण ‘शेजारी चारशे पान उठलं आणि आपल्याकडे शंभर’ हे त्याला सोसवत नाही.

आता दुसरी बाजू. हा पैसा बराचसा तालुक्यातच फिरतो: बकऱ्यांचा व्यापारी, मंडपवाला, आचारी, रंगारी, कासार, फुलवाला. बाहेर जातो तो खेळण्यांच्या आणि लायटिंगच्या माळांवर. डब्यावर बघा, ‘मेड इन चायना’. शिवाय एक लाभ कुठल्याच वहीत चढत नाही. वीस वर्षांनी सगळं गाव एका जागी येतं. पुण्याला, गोव्यात वेर्ण्याला, दुबईला असलेला चुलतभाऊ जेवायला बसला की, “आमच्या कंपनीत भरती चाललीय, बायोडाटा पाठव की” हे वाक्य हमखास येतं. रोजगार कार्यालयात वर्षानुवर्षं होत नाही ते पंगतीत होतं. मात्र ज्याचा भाऊबंद कोणी बाहेर गेलेलाच नाही, त्याला त्या पंगतीत फक्त मटण मिळतं.

तेव्हा उधळपट्टी आहे का? श्रीमंताला नाही, गरिबाला आहे. पट्टी सगळ्यांना सारखी लावायची प्रथा बदलून ऐपतीप्रमाणे लावली, तर निम्मा वाद मिटेल.

सौंदत्तीच्या यल्लम्मावर एवढी गर्दी होते. त्याचा जिल्ह्याला काय फायदा?

गर्दी पूर्वीही होती. मार्गशीर्ष पुनवेच्या आगेमागे कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांच्या रांगा लागतात, डोंगरावर ‘उदं गं आई उदं’ घुमतं. नवी भर पडली ११ जून २०२३ पासून, कर्नाटकाने शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस मोफत केली तेव्हा. सासू, सून, जाऊबाई आधार कार्ड घेऊन निघाल्या. कार्ड कर्नाटकाचं लागतं. त्यामुळे निपाणीची बहीण फुकट जाते आणि कागलची बहीण तिकीट काढते, एकाच देवीला. केंद्राने २०२४ मध्ये यल्लम्मागुड्डाच्या पर्यटन विकासासाठी १०० कोटी मंजूर केले. लॉज, पार्किंग, नारळ-भंडाऱ्याची दुकानं यांना त्याचा फायदा होईल.

पण याच डोंगराशी देवदासी प्रथा जोडलेली आहे, ते वगळून विकासाचं बोलता येत नाही. पोरीच्या केसात जट आली की देवीचं बोलावणं समजायचं आणि गळ्यात मोती बांधायचे. बंदी जुनी आहे: मुंबई प्रांताचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा. देवीला सोडलेल्या मुली जवळजवळ सगळ्या दलित घरांतल्या. जट काय फक्त दलितवस्तीतच येते? ज्या घरात जमीन नाही, मुलगा नाही, तिथे सोडलेली मुलगी घरीच राहते आणि म्हातारपणी आईबापाला बघते, हा त्यामागचा व्यवहार होता. श्रद्धेने त्याला नाव दिलं. मोठ्या शहरांचा बाजार जवळ आला तसा या वाटेने मुलींचा कामाठीपुऱ्यापर्यंत व्यापार झाला.

गंमत बघा, किंवा गंमत म्हणू नका: उपायही काही प्रमाणात बाहेरूनच आले. एड्सच्या साथीत २००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ कार्यक्रमाचा पैसा या जिल्ह्यांत आला. पण टिकाऊ काम झालं ते बायकांच्या स्वतःच्या संघटनेतून. घटप्रभेच्या ‘मास’ संस्थेच्या सीतव्वा जोडट्टी, लहानपणी स्वतः सोडलेल्या, यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. बचत गट, पेन्शन, मुलांच्या शाळेच्या दाखल्यात बापाच्या नावाचा आग्रह नको, अशा बारीकसारीक गोष्टींतून त्या बायका उभ्या राहिल्या.

कोल्हापुरी चप्पल मिलानच्या रॅम्पवर गेली. अथणीच्या कारागिराला काय मिळालं?

आधी चप्पल समजून घ्या. म्हशी-बैलाचं कातडं बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमवतात. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा मारत नाहीत. वरच्या पट्ट्यावर बारीक वेणी असते, दोन्ही बाजूंना कान. वेणी विणण्याचं काम बहुतेक घरातल्या बायकांचं. नाव कोल्हापूरचं, पण अथणी, निपाणी परिसरात ती पिढ्यान्‌पिढ्या होते. म्हणूनच भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेच्या कोर्टकज्ज्यात जे जमलं नाही ते चपलेने केलं, असं अथणीत हसत सांगतात.

धर्माचा संबंध इथे दोन्ही तऱ्हांनी येतो. चामड्याला हात लावणारा तो अपवित्र, हे धर्मानेच ठरवलं. आणि समगार हरळय्या हा चप्पल शिवणारा शरण बसवण्णांच्या चळवळीत मानाचा होता. त्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालं म्हणून दोन्ही बापांना कल्याणमध्ये (आजचं बसवकल्याण) मृत्युदंड मिळाला, अशी परंपरा सांगते. ज्या अथणीत हरळय्याची जयंती होते, तिथे समगार गल्ली गावाच्या कोणत्या टोकाला आहे ते जाऊन बघा.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, नाव-गाव न घेता. ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्याशी करार झाला: २,००० जोड इथे बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ऐंशी हजारांच्या पुढे. कारागिराच्या हातात त्यातलं किती पडतं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. आठ जिल्ह्यांच्या मानाने दोन हजार जोड हे काही मोठं काम नव्हे. नावाचा उपयोग पुढच्या ऑर्डरींना झाला तर खरं.

तिकडे कच्च्या मालाची अडचण वेगळीच. कर्नाटकाच्या २०२० च्या गोहत्याबंदी कायद्याने गाय-बैल पूर्ण बंद झाले आणि तेरा वर्षांखालची म्हैसही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलही बंद. धार्मिक भावनेतून आलेल्या कायद्याने कातडं महाग होतं आणि त्याची झळ ज्या घराला बसते, त्या घराला त्या भावनेचं सोवळं कधी मिळालं नव्हतं. अशा वेळी पोरगा म्हणतो, “मी डिलिव्हरीला जातो, कातड्याला हात लावणार नाही.” त्याला नावं ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?

निपाणीच्या विडी कामगार बायकांचा या विषयाशी काय संबंध?

धर्माशी थोडा, जागतिकीकरणाशी थेट. विड्या वळणाऱ्या बहुतेक मुसलमान, दलित आणि इतर गरीब घरांतल्या बायका, कारण घराबाहेर न पडता करता येणारं तेवढंच काम. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २००५ मध्ये लागू झाला. भारताने आदल्याच वर्षी त्याला मान्यता दिली होती. त्याचं सतरावं कलम सांगतं की, तंबाखूवर जगणाऱ्यांना पर्यायी रोजगार द्या. पाकिटावरचं चित्र मोठं झालं, सतरावं कलम कागदावर राहिलं. याच निपाणीत १९८१ च्या तंबाखू आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. त्या आंदोलनाचे नेते शरद जोशी पुढे खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते झाले. शेतकऱ्याला बाजारापासून वाचवायचं की सरकारपासून, यावर निपाणीच्या चहाच्या टपरीवर अजून एकमत नाही.

विकास झाला की धर्म आपोआप मागे पडतो ना?

बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला जाऊन बघा. विमानाचे सुटे भाग बनवून एअरबस-बोईंगसाठी पाठवणारं विशेष आर्थिक क्षेत्र महामार्गालगत आहे. खंडेनवमीला तिथल्या आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या संगणकी यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, फाटकात कोहळा फुटतो. ऑडिटला आलेला परदेशी पाहुणा फोटो काढतो.

पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या राज्यशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की, जिथे आयुष्याची शाश्वती असते तिथे धर्माची पकड सैल होते. नुसत्या उत्पन्नाने ते होत नाही. कंत्राटावरच्या ऑपरेटरला पुढच्या महिन्याची खात्री नसेल तर तो अमावस्येला नारळ फोडणारच.

फार देवदेव केल्याने देश गरीब राहतो का?

रॉबर्ट बॅरो आणि रेचेल मॅकक्लिअरी या अभ्यासकांनी २००३ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली. स्वर्ग-नरकावरचा विश्वास आर्थिक वाढीला पूरक दिसला, प्रार्थनास्थळी घालवलेला वेळ मारक. आकडे रंजक आहेत. पण एकापाठोपाठ दुसरं दिसलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं झालं, असं ठरत नाही.

व्याज हराम असल्यामुळे मुसलमान धंद्यात मागे पडतात का?

बेळगावचा बागवान फळ-भाजीच्या व्यापारात कुणापेक्षा मागे नाही. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञाचा मुद्दा व्याजापेक्षा वारसाहक्काचा आहे: वाटण्या होत गेल्याने मध्यपूर्वेत मोठी, पिढ्यांपलीकडे टिकणारी कंपनी उभी राहिली नाही. आपल्याकडे गुंठे-गुंठे वाटून घेतलेली शेती बघितली तर हा मुद्दा एका धर्मापुरता वाटत नाही.

महाविद्यालयात या विषयावर प्रकल्प करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्याच गावातली एक संस्था घ्या. मठ, मशीद, चर्चची शाळा, यात्रा कमिटी, काहीही चालेल. यात्रा कमिटी असेल तर देवळाच्या भिंतीवर लावलेला जमाखर्चाचा फलक उतरवून घ्या आणि पट्टी कोणी किती दिली ते गल्लीवार मांडा. बोर्डिंग असेल तर जुनं प्रवेश रजिस्टर मागा, दहा-दहा वर्षांच्या टप्प्याने आडनावं आणि गावं बघा, मग त्यातले पाच-सहा जण आज कुठे आहेत ते शोधा. कन्नड रजिस्टर वाचता येत नसेल तर वाचता येणारा मित्र सोबत न्या. आणि कमिटीत बायका किती, हे विचारायला विसरू नका. हा प्रश्न चहा संपल्यावर विचारा.